तीन तोंडं, एक उत्तर

शनिवारी सकाळी नऊ वाजता सूनबाईने जुन्या वहीच्या मागच्या पानावर एक गुणाकार केला, आणि उत्तर पाहून तो पुन्हा केला. चाळीस चित्रं, एका चित्राला पंचवीस मिनिटं. हजार मिनिटं. सोळा तास चाळीस मिनिटं. सोमवारी सकाळी दहाच्या आत चाळीसही आकडे प्रयोगशाळेत पोचायला हवे होते, आणि ते मोजायला घरात कॉम्प्युटर नव्हता.

म्हणजे होता. बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर, आपल्या जागी होता. पण गुरुवारी संध्याकाळी त्याच्यातून केस जळल्यासारखा वास आला, आतला पंखा एकदा कण्हला, आणि त्याने जे डोळे मिटले ते मिटलेच.

चार वर्षांपूर्वीपर्यंत सूनबाई ॲलर्जीच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. हवेतून काचपट्टीवर गोळा झालेले परागकण गुलाबी रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे, हे तिचं काम. लोकांना ते नुसतं ऐकून जांभई येई; तिला ते करताना कधी आली नाही. मग लेक झाली, चिमणी. नवरा जहाजाच्या इंजिनरूममध्ये, वर्षातले आठ महिने पाण्यावर. नोकरी सुटली. आणि आता प्रयोगशाळेतल्या तिच्या जुन्या मॅडमचा फोन आला होता.

"घरी बसून मोजायची एक जागा निघालीय. आम्ही फोटो पाठवणार, तू आकडे पाठवायचे. जागा एक, उमेदवार तिघी. सगळ्यांना तीच चाळीस चित्रं. शंभरात पाचाहून जास्त चूक चालणार नाही, आणि उशीर तर मुळीच नाही. तुझ्यासाठी शब्द टाकला असता गं, पण आकड्यांपुढे कोणाचा शब्द चालत नाही."

चित्रं शुक्रवारी दुपारी आली. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर तिने एक उघडून पाहिलं, तर गुलाबी कण राखेसारखे दिसले. फोनवरून मागवला तर कॉम्प्युटर मंगळवारी येणार. रविवारी दुकानं बंद. म्हणजे काय तो आजचा दिवस.

"निघू या ना बाबा," ती म्हणाली. "दहाला उघडतात."

सासरे जेवणाच्या टेबलाशी बसून एका वाटीत बघत होते. वाटीत, मेलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून निघालेला एक काळपट तुकडा होता. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्ली त्यांना तराजूसाहेबच म्हणे. भाजीवाली त्यांना पाहिलं की आपणहून दोन टोमॅटो वर टाकी, आणि साहेब ते दोन्ही काढून परत ठेवत; कारण जास्त वजन हेही चुकीचंच वजन.

"हे बघ." त्यांनी वाटी पुढे सरकवली. "नव्या खोक्यात जुना माल. वरचं लेबल खरवडून काढलंय. तुझ्या नवऱ्याने कुठून आणला होता?"

"मित्राच्या दुकानातून. ओळखीचा होता ना."

"ओळखीचा! ओळखीचा माणूस म्हणजे न तपासलेलं वजन. कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरलं, सूनबाई. कुठून घ्यायचा हे ठरलेलं नाही, आणि तपासल्याशिवाय ठरायचंही नाही."

"पण बाबा, सोळा तास चाळीस मिनिटं लागणार आहेत मला. आजच्या आज—"

"घरचा कॉम्प्युटर आहे. सात-आठ वर्षं सगळ्यांना पुरला पाहिजे. माझी पेपरांना पाठवायची पत्रं आहेत. हिचे सिनेमे आहेत. चिमणीची चित्रं. पोराशी बोलणं. आणि तुझं ते मोजणं."

सूनबाईने मनात बोटांवर मोजलं. मोजायची सवयच होती. पाचात पाचवी.

त्या वाटीपुढे बोलायला काही जागाच नव्हती. आज पुन्हा घाईत फसलो तर सोमवारचं तर जाईलच, वर आयुष्यभर ती वाटी समोर येत राहील.

बाबांची पद्धत चौतीस वर्षांत तसूभर बदलली नव्हती. एका दुकानात तीन तोंडं पाठवायची, एकामागून एक, एकमेकांना न ओळखणारी. तिघांनी तेच विचारायचं: माल कसा, टिकेल किती, बिघडला तर काय. तिघांना एकच उत्तर मिळालं तर दुकान सरळ. उत्तर बदललं, तर तो गिऱ्हाईक बघून माप बदलणारा. आणि तपासणीला जाणाऱ्याजवळ ओळख पटेल अशी वस्तू नको. "फोन इकडे द्या," म्हणून त्यांनी दोघींचे फोन आपल्या पिशवीत टाकले. कधीकाळी ऐन मोक्याला बायकोचा फोन वाजून एक मोठा तेलवाला हातचा निसटला होता. ते शल्य अजून गेलेलं नव्हतं.

"चौतीस वर्षं पगार ह्यांना आणि काम मला," सासूबाई, म्हणजे आई, चपला घालता घालता म्हणाल्या. "अर्ध्या शहराची पावशेर पावशेर साखर मी आणलीय गं. घरात मुंग्या, आणि ह्यांना बढती."

चिमणीला आदल्या दिवशीच आईंच्या बहिणीकडे, मावशीकडे धाडलं होतं. तिला दुपारी आईंनी परस्पर घेऊन यायचं ठरलं होतं.

पहिलं दुकान मोठ्या रस्त्यावरचं, तीन मजली, काचेचं. आत सगळे एकाच रंगाच्या टीशर्टात आणि एकाच हसण्यात. सूनबाईजवळ एक पेनड्राइव्ह होता, त्यात एकच चित्र. प्रयोगशाळेत असताना तिघांनी आपापल्या डोळ्यांनी मोजलेलं: दोनशे बारा कण. त्यातले पंधरा एका गवताचे, इतके फिके की पडदा जरा खोटं बोलला तर ते नाहीसे होतात. शोरूममधल्या सगळ्यात महागड्या पडद्यावर तिने चित्र उघडलं. रंग नुसते भडकून उठले होते. मागे गाणं, पुढे विक्रेता, आणि ती ओठ हलवत मोजतेय.

"मॅडम, डोळ्यांना सवय होते," तो म्हणाला.

एकशे सत्त्याण्णव. पंधरा गायब. नेमके ते पंधरा.

फुटपाथवर तिघांची उत्तरं जुळवली. आईंना तीन वर्षांची हमी मिळाली होती, सूनबाईला एका वर्षाची. बाबांना त्याने उलट विचारलं होतं, "तुम्हाला किती हवीय, अंकल?"

"नापास," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी रक्त चढलं होतं. सूनबाईने घड्याळ पाहिलं. अकरा पन्नास.

दुसरं दुकान पोस्टाच्या मागच्या गल्लीत. एकच गाळा, दाराशी पायपुसणं, आणि आत कपाळावर घड्याळजीचं भिंग चढवून बसलेला पन्नाशीचा माणूस. आई पहिल्या गेल्या. पाच मिनिटांचं काम; पंचवीस मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. शेवटी आल्या त्या साफ अनोळखी चेहऱ्याने, समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे आणि सुनेकडे ढुंकूनही न पाहता, सरळ बसच्या दिशेने चालू लागल्या. नियमच होता तसा. दुकानातून निघालेल्याने मागे बघायचं नाही.

"बघ," बाबा कौतुकाने पुटपुटले. "अशी बाई खात्यातसुद्धा नव्हती."

मग सूनबाई आत गेली.

"बिघडला तर?" तिने विचारलं.

"दोन वर्षं मी बघतो," भिंगवाला म्हणाला. "तिसऱ्या वर्षापासून देव बघतो. आणि देवाकडे सुटे भाग नसतात, हे आधीच सांगतो. ताई, करणार काय त्यावर?"

तिने पेनड्राइव्ह पुढे केला. चित्र पाहून तो हसला नाही. उठला, दाराचं शटर अर्ध्यावर ओढलं, डोक्यावरचा दिवा मालवला, चार पडद्यांवर ते चित्र एकेक करून लावलं आणि तीन स्वतःच बाजूला सारले. "हे तुमच्या कामाचे नाहीत. फिकं फिकं खाऊन टाकतात. हा बघा." चौथ्यापुढे त्याने स्टूल ठेवलं आणि स्वतः मागे जाऊन, आवाज न करता, काही जोडत बसला.

पंचवीस मिनिटं. दोनशे दहा. दोनशे अकरा. उजव्या कोपऱ्यात, काचेवरच्या श्वासाएवढा फिका एक. दोनशे बारा.

"हाच द्या," ती म्हणाली.

भिंगवाल्याने भिंग कपाळावर सारलं. "हा नाही देता येणार, ताई. ह्याचा शब्द गेलाय."

"कोणाला?"

"तासापूर्वी एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. भाच्याला विचारून संध्याकाळी येते म्हणाल्या. सहापर्यंत राखून ठेवतो म्हटलंय मी. तुमचा पडद्याशी जीव जमतो का ते बघायला बसवलं. जमला तर असाच मागवून देईन. गुरुवारी येईल."

"अहो, त्या... त्या माझ्या सासूबाई आहेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला, पण ओठांनीच. "ताई, शेवटचा नग असला की सगळ्यांचं सगळ्यांशी नातं निघतं. त्या बाईंना ना मूल ना बाळ. एकटीच आहे म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी चहा पाजला."

आई! पाच मिनिटांच्या तपासणीत एवढं मोठं नाटक करायला कोणी सांगितलं होतं?

"मग माझा नंबर दुसरा लावा. त्या सहापर्यंत नाही आल्या तर—"

"दुसरा नंबर लागलाय. त्या बाई बसल्या होत्या तेव्हाच फोन आला होता एकाचा. सहाच्या ठोक्याला परत फोन करणार आहे तो. तुमचा तिसरा लावू?"

ती बाहेर आली तेव्हा बाबा समोर औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. बाबांचे डोळे लकाकले.

"म्हणजे शब्द मोडला नाही? सून म्हणून सांगूनसुद्धा?"

"बाबा, ऐका ना. आत जाऊन खरं काय ते सांगू या. तुम्ही सांगितलंत तर—"

"तिसरं तोंड बाकी आहे."

"बाबा, नको!"

पण ते रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. सूनबाई काचेतून बघत राहिली. आवाज ऐकू येत नव्हता. हातवारे दिसत होते. बाबांनी त्या पडद्याकडे बोट दाखवलं. भिंगवाल्याने मान हलवली. बाबांनी पाकीट काढलं, दोन बोटं वर केली. ही त्यांची शेवटची कसोटी: दुप्पट देतो, दुसऱ्याचा माल मला दे. भिंगवाला उठून उभा राहिला. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा काचेतून नेमकं सूनबाईकडे. मग तो पडदा, त्याचं खोकं, तारा, सगळं उचलून त्याने आतल्या खोलीत नेलं आणि बाबांना दाराकडे बोट दाखवलं.

बाबा बाहेर आले ते लग्नाच्या मांडवातून आल्यासारखे. "शंभर नंबरी! अगं, बाहेर हाकललं मला. चौतीस वर्षांत असा माणूस मी दोनदा पाहिला."

"आणि आता विकत कोण घेणार, बाबा?" सूनबाईचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला तो देणार नाही. तुम्हाला हाकललं. उरल्या आई. आई कुठे आहेत?"

बाबांचा हात पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. पिशवीत आईंचा फोन होता.

बाबांनी मावशीला फोन लावला. "आत्ताच निघाल्या की दोघी," मावशी म्हणाली. "नदीकाठच्या बागेत झोके खेळून मग घरी जाणार म्हणाल्या. का हो, काय झालं?"

दोन वाजून दहा मिनिटं. बाबा दुकानासमोर थांबले, न जाणो दुसरा नंबरवाला आधीच टपकला तर. सूनबाई रिक्षाने बागेत गेली. झोके रिकामे हलत होते. दुसऱ्या फाटकापर्यंत धावली. तिथेही नाहीत. मग घर. कुलूप. ती पायरीवर बसली. आता काही करण्यासारखं नव्हतं, आणि हाच सगळ्यात वाईट भाग होता. दर पंचवीस मिनिटांनी तिच्या डोक्यात एक चित्र मोजल्याशिवाय निघून जात होतं. तीन वाजून पंचवीस. तीन पन्नास. चार पंधरा. दुसऱ्या दोघी एव्हाना कितव्या चित्रावर असतील?

पाच वाजून सात मिनिटांनी आई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. खांद्यावर चिमणी गाढ झोपलेली, हातात तिची एक चप्पल.

"दुसरी चप्पल बागेत राहिली गं, तीच शोधत—"

"आई, चला. रिक्षात सांगते."

रिक्षात ऐकता ऐकता आईंचा चेहरा उतरत गेला. "मी म्हटलं, नुसतं काय विचारायचं, जरा रंग भरू. तो बिचारा इतकं मन लावून ऐकत होता. तुम्हाला कोणी नाही का, आजी, म्हणाला. माझ्याच तोंडून निघून गेलं. आणि मग एकदा निघालं की ते..."

पाच अडतीसला ते गल्लीत पोचले. बाबा पायरीवरच होते, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. "तू एकटी जा," ते आईंना म्हणाले. "तीच बाई, तोच भाचा. माल घे आणि बाहेर ये. घोळ नको."

"अजून खोटं बोलू?" आई म्हणाल्या.

"वीस मिनिटं राहिलीत, आई," सूनबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःचीच लाज वाटली.

आई चिमणीला खांद्यावर तशीच घेऊन आत गेल्या. काचेतून भिंगवाला उठून उभा राहिलेला दिसला. तो काहीतरी बोलला. आईंनी मान खाली घातली. मग त्याने हात उचलून रस्त्यापलीकडे, थेट त्या दोघांकडे, "या" अशी खूण केली.

आत सगळे कुजबुजत बोलत होते, पोर झोपलेली म्हणून. त्यामुळे प्रत्येक शब्द जास्तच धारदार ऐकू येत होता.

"हे काका पायरीवर साडेतीन तास एकच पान वाचतायत," भिंगवाला आईंना म्हणाला. "कोण हे?"

"माझे यजमान."

"ह्या ताई?"

"सून. आणि ही नात."

"आणि भाचा?"

"भाचे तसे तीन आहेत," आई म्हणाल्या. "पण एकही कॉम्प्युटर घेऊन देण्याच्या लायकीचा नाही."

तो हसला नाही. "मला वाटलं मोठ्या दुकानाने माणसं धाडली. तासाभरात तीन जण, तिघं त्याच एका पडद्यावर टपलेले, त्यातला एक दुप्पट देतोय. दुपारी जेवण गेलं नाही मला. डबा तसाच आहे."

"ती तपासणी होती," बाबा म्हणाले. "मी वजनमापं खात्यात चौतीस वर्षं होतो. तुम्ही पास झालात."

"मी अर्ज केला होता?"

बाबांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. भिंतीवरच्या घड्याळात पाच सेहेचाळीस.

"शब्द मी एका एकट्या बाईला दिला होता, जिला कोणी नाही," भिंगवाला म्हणाला. "ती बाई जगातच नाही. मग मी बांधलेला कोणाला? सहा वाजता दुसऱ्या नंबराचा फोन येईल. तो तरी आपल्या नावाने बोलतो."

"चूक झाली," बाबा म्हणाले. परकी लिपी वाचावी तसे एकेक अक्षर लावत म्हणाले. आईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

भिंगवाल्याने फळीवरचा डबा बाजूला सारला. "पद्धत तशी चांगली आहे तुमची, काका. मीही वापरून बघतो. तीन तोंडं, वेगवेगळी. प्रश्न एकच. उत्तरं जुळली तर माल तुमचा. नाही जुळली, तर सहाच्या फोनचा. आजी, आधी तुम्ही आत या."

आई चिमणीसकट, दारावरचा पडदा सारून, आतल्या खोलीत गेल्या. अर्ध्या मिनिटाने त्याने बाबांना बोलावलं. आई बाहेर आल्या नाहीत. बाबाही आले नाहीत. पाच एकावन्न. मग तो स्वतः बाहेर आला आणि सूनबाईसमोर बसला.

"सांगा, ताई. हा कॉम्प्युटर कोणाचा?"

उत्तर तिला माहीत होतं. पण प्रश्न खऱ्या उत्तराचा नव्हता, जुळणाऱ्या उत्तराचा होता. आत बाबा काय म्हणाले असतील? सकाळी नऊला म्हणाले होते, घरचा. शोरूमच्या पायऱ्या चढतानाही घरचा. माणूस सहसा नवव्यांदा तेच बोलतो जे आठ वेळा बोललाय. आणि आई? चाळीस वर्षं आईंनी बाबांची साक्ष कधी फिरवली नव्हती. दोन्ही तोंडं एकीकडे. खरं बोललं तर सोमवार गेला. पाचवी होऊन का होईना, टेबलाशी बसायला तरी मिळेल.

"घरचा," ती म्हणाली.

भिंगवाल्याने भिंग कपाळावरून काढून फळीवर ठेवलं. "दुपारी त्या स्टुलावर पंचवीस मिनिटं श्वास रोखून बसला होतात. तेव्हा घरचा होता?"



त्याने आतल्या खोलीच्या दारावरचा पडदा सारला. "दोघं म्हणाले, सुनेचा."

बाबा आतल्या बाकावर बसले होते, गुडघ्यावर वर्तमानपत्र. ते तिच्याकडे न बघता बोलले. "सकाळी पाच कामं सांगितली होती मी. साडेतीन तास त्या पायरीवर तीच तोलत बसलो. चार अशी निघाली की आज नाही झाली तर उद्या होतील. माझी पत्रं तर नाही झाली तरी पेपरवाले आभार मानतील."

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं," आई म्हणाल्या. "मला कोणी विचारलं कुठे? मी भाच्यात गुंतलेली."

"दोन एकीकडे, एक दुसरीकडे," भिंगवाला म्हणाला. पाच पंचावन्न. "काका, तुमच्या नियमात ह्याला काय म्हणतात?"

सूनबाईने डोळे मिटले. बाबा काय म्हणणार हे तिला ह्या वेळी अगदी नक्की माहीत होतं.

"नापास," बाबा म्हणाले.

फळीवरचा फोन वाजू लागला. दुसरा नंबर घाईचा निघाला. भिंगवाल्याने फोनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. फोन वाजत राहिला. चिमणी खांद्यावर चुळबुळली.

"पण," बाबा उठून उभे राहिले. आवाज आता कुजबुजीचा नव्हता. "वजन चुकलं तर आधी काटा तपासायचा. शून्यावर नसला तर शून्यावर आणायचा आणि पुन्हा तोलायचं. हाही नियमच आहे. चार वर्षं आमच्या घरात हा काटा कोणी शून्यावर आणलाच नाही. एकदा तोलू द्या."

फोन थांबला. त्या शांततेत भिंगवाला सूनबाईकडे वळला.

"कोणाचा?"

"माझा," ती म्हणाली. आणि एकदा निघाल्यावर पुढचंही निघालं, धडाधड. "चाळीस चित्रं आहेत. सोमवारी दहाला द्यायचीत. सोळा तास चाळीस मिनिटं लागतात आणि एकही मोजलेलं नाही. हा माझा आहे. माझ्या खोलीत राहणार आहे. दार लावून."

"दार लावून," भिंगवाल्याने पावतीवर लिहावं तसं म्हटलं. तो आत गेला आणि खोकं घेऊन आला. फोन पुन्हा वाजला तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. त्याने उचलला. "नाही हो, गेला. हो, बाई आल्या. घरच्या सगळ्यांना घेऊन आल्या." मग बाबांकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं मी बघतो, काका. तिसऱ्या वर्षापासून—"

"देव बघतो," तिघंही एकदम म्हणाले.

"हे मात्र जुळलं," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडलं.

सात वाजता कॉम्प्युटर सूनबाईच्या खोलीत लागला. खिडकीचा पडदा बाबांनी ओढला, दिवा कुठे असावा हे दोनदा बदललं, टेबलाखाली एका पायाला कागदाची घडी घातली. आता सोमवारी सकाळी दहापर्यंत एकोणचाळीस तास, त्यातले सोळा तास चाळीस मिनिटं कामाचे. बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं.

तिने दार लावलं. पहिलं चित्र उघडलं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून: एक, दोन, तीन. साठच्या पुढे गेल्यावर आजूबाजूचं सगळं नाहीसं झालं, चार वर्षांपूर्वी व्हायचं तसं. शहाऐंशी. सत्त्याऐंशी.

दारावर टकटक झाली.

"सूनबाई? पहिल्यात किती निघाले?"

"मोजतेय, बाबा."

"बरं बरं. मी बाहेर थांबतो."

पावलं दूर गेली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि आईंचा, "अहो, इकडे या, तिला काम करू द्या." सूनबाई पडद्याकडे वळली. आकडा गेला होता. तिने काटा शून्यावर आणला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.